गनिमी कावा, पाठ करून

भोरच्या एसटी स्टँडसमोर दर उन्हाळ्यात एक फ्लेक्स लागतो. वर राजगडाची बालेकिल्ल्यासकट आकृती, खाली हनुवटीला हात लावून बसलेला एक गोरा जगज्जेता आणि मधे ठसठशीत अक्षरांत 'बुद्धिबळ: आपल्या मातीतला खेळ!' त्याच्याखाली, जरा बारीक टाइपात, 'लंडन सिस्टीम, फक्त पंधरा दिवसांत'. हे वाचून ज्याला हसू येत नाही त्याने लेख इथेच सोडावा आणि शिबिराची फी भरून टाकावी. तुम्ही हसलात, म्हणजे आपलं जमणार. तुम्हालाही प्रश्न पडलाच असेल की आपल्या मातीतला खेळ शिकायला व्हाया लंडन का जायचं?

शिबिर घेणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणतात, आपणही तेच म्हणू. सर शनिवार-रविवार पुण्याहून येतात. बॅगेत लॅपटॉप, लॅपटॉपात इंजिन, आणि त्या इंजिनावर सरांची जी श्रद्धा आहे ती पाहून म्हसोबालाही असूया वाटावी. सरांची तीन मतं आहेत. पहिलं, बुद्धिबळ आपलं, गोऱ्यांनी ते उचललं. दुसरं, बुद्धिबळ म्हणजे ओपनिंग, पुढचं सगळं आपोआप होतं. तिसरं, ओपनिंग शिकायची तर परदेशी कोर्स विकत घ्यावाच लागतो, आपल्याकडे तसलं मटेरिअल नाही. पहिलं आणि तिसरं मत रात्री एका खोलीत कोंडलं तर सकाळी खरं म्हणजे एकच जिवंत सापडायला हवं. सरांच्या डोक्यात दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. जागा ऐसपैस असावी.

आता ही लंडन सिस्टीम काय चीज आहे? पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं. वजिराच्या बाजूचा उंट चटकन बाहेर काढून ठेवायचा. मग छोट्या छोट्या प्याद्यांची एक तिकोनी भिंत, आत घोडे, दुसरा उंट वजिराच्या प्याद्यामागे, आणि राजा कोटात. समोरचा काय करतोय? करू दे. बहुतेक वेळा चालतं. मोठमोठे खेळाडू ही पद्धत खेळतात आणि जिंकतात, त्यामुळे बिचाऱ्या लंडन सिस्टीमशी माझं वैर नाही. वैर आहे ते तिचं बारसं करून मिरवण्याशी. सरांनी तिला 'तोरणा व्यूह' असं नाव दिलंय. पहिल्याच तासाला ते मुलांना सांगतात, 'हा गनिमी कावा आहे. शत्रू काहीही करो, आपण आपल्या ठरलेल्या चाली खेळायच्या.'

वाक्य पुन्हा वाचा. शत्रू काहीही करो, आपण ठरलेल्या चाली खेळायच्या. हा गनिमी कावा! आणि हे कुठे बसून? तर ज्या तालुक्यात तोरणा उभा आहे, ज्याचं नाव आता कागदोपत्री वेल्हे नसून राजगड आहे, त्याच्या उंबऱ्यावर. अहो, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की १६५९ साली अफजलखान वाईला येऊन बसला तेव्हा महाराज राजगडावर ठरलेली तिकोनी भिंत रचत बसले नाहीत. उठून प्रतापगडाला गेले आणि खानाच्या फौजेला मोकळ्या मैदानातून जावळीच्या जंगलात आणवलं. सगळी गंमतच ही की खानाने काय करावं हे ओळखून, त्याच्या स्वभावासकट, आखलेला डाव होता तो. आणि १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगासमोर जेव्हा आखलेलं काहीच चालेना तेव्हा तेवीस किल्ले देऊन बारा राखले. राखलेल्यांत राजगड आणि तोरणाही होते. कोणती मोहरी द्यायची आणि कोणती जिवापाड जपायची, हा निर्णय पंधरा दिवसांच्या शिबिरात मिळत नाही. तेव्हा सरांना माझी नम्र सूचना: व्यूहाला हवं ते नाव द्या, लंडन ठेवा, पॅरिस ठेवा, मुंबई-पुणे-मुंबई ठेवा, पण तोरण्याला यात ओढू नका. गड म्हातारा झालाय.

हे मी घरी बसून म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात भोरमध्ये लहान मुलांची एक खुली स्पर्धा झाली, तिथे मी पंचांना मदत करायला होतो. मदत म्हणजे घड्याळांचे सेल बदलणं आणि पालकांना हॉलबाहेर काढणं. दुसरं काम जास्त अवघड. पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात 'शह' ऐकू येईना. प्लॅस्टिकचे गुंडाळी पट दमट हवेने कडेला वळलेले, मुलांनी कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. तिसऱ्या पटावर सरांचा पट्टशिष्य, पांढरी मोहरी. समोर वेल्ह्याकडचा एक मुलगा, चेलाडी फाट्यावर गाडी बदलून, कापूरहोळवरून आलेला, चप्पल ओली, आणि वही म्हणजे गणिताचीच, मागच्या पानांवर चाली लिहीत होता.

पट्टशिष्याने पहिल्या आठ चाली मिनिटभरात खेळल्या. खेळल्या म्हणजे ठोकल्या. प्रत्येक चालीनंतर घड्याळावर टपली, आणि डोळे पटावर नाहीत, छताकडे. स्तोत्र म्हणताना मुलं वर बघतात तसे. वेल्ह्याचा मुलगा हळूहळू खेळत होता. घोडा बाहेर, दुसरा घोडा त्याच्या मागे आधाराला, उंट कोपऱ्यात, राजा कोटात, आणि हत्ती गुपचूप राजाच्या प्याद्यामागच्या घरात. काही भारी नव्हतं. मग आठव्या चालीला त्याने ते राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पांढऱ्याच्या लाडक्या उंटावर हल्ला. शिष्याने उंट एक घर मागे घेतला, कारण 'उंट जपायचा' हे त्याला शिकवलं होतं. नवव्या चालीला तेच प्यादं आणखी एक घर पुढे. आता त्याच्या एका बाजूला पांढरा उंट, दुसऱ्या बाजूला पांढरा घोडा, दोघंही एकाच वेळी जबड्यात. प्यादं मारावं तर मागे घोड्याचा जोर आणि त्याच्याही मागे तो गुपचूप आलेला हत्ती.

पट्टशिष्याने प्रथमच पटाकडे पाहिलं. चेहरा असा, जणू स्तोत्राच्या मधे कुणीतरी दारावरची बेल वाजवली.

मोहरा गेला, डाव गेला. बाहेर सर पालकांना समजावत होते, 'ओपनिंग मात्र त्याने परफेक्ट खेळली. इंजिनने बघितलं ना मी, सहाव्या चालीपर्यंत आपण प्लस पॉइंट तीन होतो.' वडिलांनी समाधानाने मान हलवली. ही मान मी विसरणार नाही. तीन दशांश प्याद्याच्या पुण्याईवर एक अख्खा मोहरा स्वर्गवासी झाला आणि बाप समाधानी! मी म्हटलं, 'सर, समोरच्याने काय केलं ते बघायला शिकवता का?' सर म्हणाले, 'अहो, तुम्हाला थिअरी कळत नाही. काळ्याने चुकीची लाइन खेळली होती.' चुकीची लाइन खेळून तो जिंकला. केवढा हा उद्धटपणा!

आता कुणी हळवा वाचक ग्रामीण प्रतिभेच्या कौतुकाने रुमाल काढत असेल तर तो घडी करून ठेवावा. वेल्ह्याच्या त्या मुलात दैवी काही नव्हतं, तो फक्त समोर बघत होता. पुढच्याच फेरीत त्याच्याकडे राजा आणि हत्ती, समोर नुसता राजा. पोरगं पंधरा मिनिटं शह देत राहिलं. शह, शह, शह. राजा पटभर फिरून आला, जेजुरी करून आला, पण मात होईना. शेवटी पन्नास चालींचा नियम लागला आणि बरोबरी. हत्ती आणि राजाची मात त्याला कुणी शिकवलीच नव्हती. कापाब्लांका नावाचा क्युबाचा जगज्जेता १९२१ साली बुद्धिबळाची मूलतत्त्वं सांगणारं पुस्तक लिहितो आणि सुरुवातच या मातेपासून करतो. आमच्या शिबिरांत ती 'ॲडव्हान्स्ड' मध्ये येते. म्हणजे येतच नाही, कारण तोवर शाळा सुरू होते.

ओपनिंग चुकली की माणूस मरतो, हे सरांचं आवडतं वाक्य. बरोबर आहे. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव मेला. डीप ब्लू या संगणकाशी सहावा, निर्णायक डाव. त्याने कारो-कान बचाव घेतला आणि सातव्या चालीला हत्तीसमोरचं प्यादं एक घर पुढे ढकललं. ती चाल त्या बचावात येतेच, पण एक चाल नंतर. दोन चालींची अदलाबदल झाली. मशीनने घोडा देऊन बचाव फोडला, आणि एकोणिसाव्या चालीला जगज्जेत्याने डाव सोडला. सर हे उदाहरण दर शिबिरात देतात: 'बघा, पाठांतर किती महत्त्वाचं!' मी म्हणतो, यापेक्षा उलटा धडा कोणता असेल? पृथ्वीवर त्या वेळी ओपनिंगचं सगळ्यांत अफाट पाठांतर ज्या एका डोक्यात होतं, तेच डोकं सातव्या चालीला घसरलं. आणि घोड्याचं ते बलिदान मशीनने विचार करून दिलं नव्हतं, माणसांनी तिच्या साठ्यात घालून ठेवलं होतं. पाठांतरात मशीनशी स्पर्धा करायची ठरवली तर शेवट ठरलेला आहे. तुमच्या पोराचा तर बाराव्या वर्षीच.

बरं, 'बुद्धिबळ आपलंच' या पहिल्या मताचं काय? आपलं आहे, कोण नाही म्हणतंय. पण सर ज्याला 'आपलं' म्हणतात ते त्यांना कोणी खेळायला बसवलं तर त्यांचा पहिल्याच मिनिटाला गोंधळ उडेल. जुन्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. शेवटच्या घरात पोचलं की सरसकट वजीर होत नसे, ज्या मोहऱ्याचं ते घर त्याचा जन्म मिळायचा. राजाला कुठे कुठे एकदा घोड्याची अडीच घरं उडी घ्यायची मुभा. प्याद्याने केलेली मात म्हणजे कळस. गावागणिक फरक, त्यावरून भांडणं आणि भांडणांवरून मैत्र्या. सरांची लंडन सिस्टीम इथे दारातच अडकते, कारण पहिलीच चाल दोन घरांची. आपल्या मातीतल्या खेळात सरांचा तोरणा व्यूह बेकायदेशीर आहे!

आणि आपल्या लोकांना हे दोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८१४ साली, म्हणजे पुण्यात अजून पेशवाई असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताचं बुद्धिबळावरचं पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, आणि त्याच्या शीर्षकातच सांगितलंय की हे युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. शास्त्रीबुवांनी 'गोऱ्यांनी चोरलं' म्हणून गळा काढला नाही. तुमच्या नियमांनी मांडा पट, बघू, म्हणाले असावेत. हा आत्मविश्वास. तो फ्लेक्सवर लावावा लागत नाही.

त्याहून मजेदार गोष्ट बंगालची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्या काळातला फार वरच्या दर्जाचा खेळाडू. त्याला भेटले महेशचंद्र बॅनर्जी, देशी नियमांवर वाढलेले. दोघांनी शेकड्यांनी डाव खेळले. बॅनर्जींना प्यादी एकेक घर सरकवायची सवय, उंट कोपऱ्यातून लांबवर रोखायची सवय. 'इंडियन' नावाने आज जे बचाव जगभर खेळले जातात त्यांच्या मुळाशी ही सवय आहे. १८५५ च्या एका डावात बॅनर्जींनी काळ्या मोहऱ्यांनी मध्यभाग खुशाल पांढऱ्याच्या हाती सोपवला आणि बाजूने उंट रोखून त्याच मध्यभागावर हल्ला चढवला. पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने हेच केलं आणि त्या ओपनिंगला नाव मिळालं ग्रुनफेल्ड. सर हे ऐकून पेटून उठतात. 'बघितलंत? चोरी!' त्यांनी एक पोस्टही तयार ठेवली होती.

मी विचारलं, 'सर, तो डाव पुढे बघितलात का?' नव्हता बघितला. आठ-दहा चालींपुढे बघायची सवयच नाही. तर पुढे असं झालं की महेशचंद्रांची ओपनिंग पासष्ट-सत्तर वर्षं काळाच्या पुढे होती आणि डाव ते हरले. कॉक्रनने अठराव्या चालीला घोडा राजाच्या दारात घुसवला. बॅनर्जींनी पलीकडे वजिरावर घोड्याने हल्ला केला, भलत्याच दिशेला बघत. मग दुहेरी शह, मग वजिराचं बलिदान, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला एकट्या घोड्याची मात, तीन चालींत. शतकातली सर्वांत द्रष्टी ओपनिंग, आणि शेवट कोंडमारा. या एका डावात सरांचा सगळा सिलॅबस मोडीत निघतो. त्यांनी पोस्ट टाकली नाही, एवढं मात्र त्यांचं शहाणपण.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी सोडा, आताचं बोला. आताचं बोलू. एप्रिल २०२४, टोरांटो, कँडिडेट्स स्पर्धा. नाशिकचा विदित गुजराथी दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराला हरवतो. महाराष्ट्रभर पेढे. दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्याने प्रज्ञानंदशी बसतो. रुय लोपेझ, जगातली सर्वांत चघळलेली ओपनिंग. चौथ्या चालीला प्रज्ञानंद राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. स्वतःच्या राजाचा दरवाजा स्वतःच उघडतो! त्या पातळीवर ही चाल जवळजवळ कुणी खेळत नाही, जाणकार तिच्याकडे नाक मुरडतात. पण चोख तयारी करून आलेल्या विदितला चौथ्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने, घड्याळ चालू असताना, खेळावं लागलं. प्रज्ञानंद जिंकला. आता नीट बघा, इथेही घरचा अभ्यास होताच, भरपूर होता. पण तो समोरच्या माणसाचा अभ्यास होता: हा कुठे निवांत आहे आणि तिथून त्याला उठवायचं कसं. ओपनिंग शिकायची ती यासाठी. त्या आठवड्यात सरांनी काय केलं असेल? ओळखलंत. 'प्रज्ञानंद गॅम्बिट, तीन तासांचं विशेष सत्र.' आता भोरमधली दहा-बारा मुलं चौथ्या चालीला छताकडे बघत आपला राजा उघडा टाकतात.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिला पंधरावं मानांकन होतं, आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणाऱ्या नॉर्मपैकी एकही खात्यावर नव्हता. अंतिम सामन्यात हंपीशी दोन्ही मोठे डाव बरोबरीत, मग जलद डावांचा टायब्रेक, त्यातला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी, मोहरी कमी उरलेली, घड्याळ पळतंय, आणि दोघींकडूनही चुका होतायत. ओपनिंग केव्हाच संपलेली. डाव ठरला तो तिथे. दिव्या जिंकली, आणि किताब तिथल्या तिथे मिळाला. सरांच्या फ्लेक्सवर यंदा दिव्याचाही फोटो आहे. खाली तेच, 'पहिल्या पंधरा चालींत विजय'. त्या पोरीने हा फ्लेक्स पाहिला तर काय म्हणेल, कोण जाणे. हसेल बहुधा.

पालकांनाही मी सोडणार नाही. त्यांना पाठांतर आवडतं कारण ते मोजता येतं. 'सिसिलियन झालं, कारो-कान झालं, आता किंग्ज इंडियन चालू आहे', हे नातेवाइकांना सांगता येतं. 'पोरगं आजकाल चाल करण्याआधी समोरच्याची चाल बघतं' हे सांगून कुणाचा हेवा होत नाही. सांगलीत १९४१ पासून नूतन बुद्धिबळ मंडळ आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे पिढ्या घडवल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच गावची. तिथे रोज संध्याकाळी समोर बसायला माणूस मिळे. भोर-वेल्ह्यात आज तेच मिळत नाही. पुण्याची ऑनलाइन बॅच मिळते, कोर्स मिळतो, टी-शर्ट मिळतो. डाव खेळायला कुणी मागितलं की सर म्हणतात, 'आधी थिअरी पूर्ण होऊ दे.'

यावर तोड सरांच्याच एका देवाने काढून ठेवली आहे. बॉबी फिशर, ज्याच्यासारखी ओपनिंगची तयारी त्याच्या काळात कुणाची नव्हती, तोच या पाठांतराला इतका विटला की १९९६ साली ब्वेनोस आयर्समध्ये त्याने नवा प्रकार जाहीर केला: मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत, राजा दोन हत्तींच्या मधे, एवढीच अट. ९६० मांडण्या होतात. पहिल्या चालीपासून ज्याचं त्याचं डोकं. मी सरांना निरोप धाडला की एक डाव असा खेळू या, भोरच्या राजवाड्याच्या पायरीवर, चिठ्ठ्या तुमचे विद्यार्थी टाकतील, आणि तोरणा व्यूह बसत असेल तर जरूर बसवा.

सरांचं उत्तर आलं आहे. खेळायला हरकत नाही म्हणतात, फक्त त्याचा कोर्स अजून निघायचाय.